माझीच झोप उडालेली, मी पोरांना काय शिकवणार?

साताऱ्याजवळच्या एका गावातून सैन्यातल्या एका निवृत्त हवालदारांचं पत्र आलंय. गावातल्या पोरांची भरतीची तयारी ते पहाटे फुकट करून घेतात. लिहितात, "दोन वर्षं झाली, रात्री दचकून उठतो. घरात भांडं पडलं तरी छाती धडधडते. पोरांवर उगाच खेकसतो. ज्याचं स्वतःचंच डोकं ठिकाणावर नाही, त्यानं पोरांपुढं उभं राहावं का? ग्राउंड बंद करावं म्हणतो."

हवालदारसाहेब, अगदी हेच मला इथं लंडनमध्ये एका माणसानं विचारलं होतं. त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ते नेपाळचे, ब्रिटिश सैन्यातले गुरखा. ब्रिटन आणि अर्जेंटिनामधल्या 1982 च्या फॉकलंड युद्धात होते. पंधरा वर्षं नोकरी करून गावी परतले. 1997 च्या आधी निवृत्त झालेल्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायचा हक्कच नव्हता. ज्या देशासाठी गोळ्या झेलल्या, तिथं राहण्यासाठी कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे करावे लागले, तेव्हा कुठं 2009 मध्ये तो हक्क मिळाला. मग ते बायकोला घेऊन आले आणि रात्रपाळीचे सुरक्षारक्षक झाले. आम्ही हिंदीत बोलायचो. मी त्यांना दाजू म्हणायचे. नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ.

वस्तीतल्या एका हॉलमध्ये आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ते पोरं जमवायचे. शाळेनं काढून टाकलेली, घरी कुणी वाट न बघणारी पोरं. त्यातली एकदोन खिशात सुरा बाळगून फिरलेली. दाजू त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे आणि बुटाला पॉलिश करायला शिकवायचे. चिंधी दोन बोटांना घट्ट गुंडाळायची, पॉलिशचं बोट, पाण्याचा एक थेंब, मग बुटाच्या टोकावर छोटी छोटी वर्तुळं. घाई केली की चमक जाते. ज्याला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं, असा एक सोळा वर्षांचा मुलगा अर्धा अर्धा तास एकाच बुटाशी खेळत बसायचा.

साठीला नोकरी सुटली आणि दाजूंची झोप गेली. असं पुष्कळ फौजींचं होतं. कामाच्या रेट्यात दबून राहिलेलं सगळं रिकामपणात वर येतं. एका संध्याकाळी त्याच मुलानं दाजूंच्या पाठीमागं वेफर्सची रिकामी पिशवी फुगवून फोडली. पुढच्या क्षणी मुलगा भिंतीला टेकलेला आणि त्याची कॉलर दाजूंच्या मुठीत. मुलगा पांढराफटक. दाजूंनी हात सोडला आणि ते कोट न घेताच घरी गेले.

माझ्याकडे आले तेव्हा एकच म्हणाले, "मी आता पोरांच्या लायकीचा नाही."

आणि इथं मी चुकले. मी म्हणाले, "आधी उपचार घेऊ, बरे झालात की पोरांचं बघू." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्या दोन संध्याकाळी सोडल्या तर दाजू घराबाहेरच पडत नव्हते, हे मी विचारलंच नव्हतं. महिनाभरात त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं तर जवळजवळ बंद.

मग मी वेगळं बोलायला सुरुवात केली. जॉन्सन बेहॅरींचा विषय निघाला. ग्रेनाडा बेटावरून 1999 मध्ये ब्रिटनला आलेला तरुण, 2001 मध्ये सैन्यात गेला. इराकमध्ये अल अमारा इथं 2004 मध्ये दोनदा जिवावर उदार होऊन सोबत्यांना वाचवलं. डोक्याला भयंकर जखम झाली. 2005 मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे व्हीसी, ब्रिटनचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. 2009 मध्ये त्यांनीच उघडपणे सांगितलं की मनातलं युद्ध संपलेलं नाही आणि माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांकडे नीट लक्ष दिलं जात नाही. 2014 मध्ये त्यांनी टोळ्यांच्या नादी लागलेल्या मुलांसाठी संस्था काढली. दाजू म्हणाले, "ते व्हीसीवाले. मी साधा शिपाई." मी म्हटलं, "रात्री त्यांनाही त्रास होत होता, दाजू."

आम्ही दोन्ही गोष्टी बरोबरच सुरू केल्या. इंग्लंडमध्ये माजी सैनिकांसाठी सरकारी आरोग्यसेवेचा ऑप करेज हा स्वतंत्र विभाग आहे. तिथं आघातावर केंद्रित थेरपी सुरू झाली. मुलावर हात टाकला होता, ते झाकायचं नव्हतं. बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या बाईंकडे दाजूंनी स्वतः नोंद केली आणि आईसमोर मुलाची माफी मागितली. परवानगी मिळाल्यावर परत गेले, पण अटी घालून. हॉलमध्ये दुसरा मोठा माणूस कायम हजर. छातीत धडधड सुरू झाली की दाजूंनी बाहेर जायचं, कुणी अडवायचं नाही. आणि पोरांना सरळ सांगायचं: मला मागून आवाज सहन होत नाही.

पहिल्या दिवशी दाजू हॉलवर पोचले, तर तो मुलगा आधीच आलेला होता. त्यानं दाजूंची खुर्ची भिंतीला पाठ लावून, दरवाजा दिसेल अशी ठेवली होती. "तुम्ही नेहमी असंच बसता," इतकंच म्हणाला. हे सांगताना दाजू माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

तर हवालदारसाहेब, ग्राउंड बंद करू नका. जोडीला गावातला दुसरा माजी सैनिक घ्या, म्हणजे वाईट रात्रीनंतरची पहाट त्याच्यावर सोपवता येईल. पोरांवर हात उगारला जाईल असं वाटलं तर त्या दिवशी जाऊच नका. आणि उपचार याच आठवड्यात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. वहिनींना सोबत न्या. रात्री काय होतं ते त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय.

दाजूंची झोप अजून मोडते, पण पूर्वीइतकी नाही. 5 नोव्हेंबरला इथं सगळीकडे फटाके उडतात. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी पोरांनी हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या, गाणी मोठ्यानं लावली आणि रात्री नऊपर्यंत दाजूंना कॅरमवरून उठू दिलं नाही.