फवारणीमुळे सोरायसिस झाला का?

ताई, दिंडोरीच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी (फळासाठीची) उरकली आणि यजमानांच्या हातावर चट्टे उठले. डॉक्टर सोरायसिस म्हणाले, घरचे मात्र फवारणीच्या औषधाला दोष देताहेत. मी २२ वर्षं हा आजार अंगावर वागवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

औषधाची ॲलर्जी होते, पण ती बहुधा औषध लागलं तिथेच उठते: बारीक फोड, पाणी, जीव खाणारी खाज. सोरायसिसच्या चट्ट्याची कड ठळक असते आणि वर चंदेरी पापुद्रे सुटतात.

तुम्ही लिहिलंय, चट्टे तारेने ओरखडलं त्याच रेघेवर आलेत. माझं लक्ष तिथेच अडलं. हा आजार अंगात असला की खरचटल्या-भाजल्या जागी काही दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. म्हणजे तारेने आजार दिला नाही, दडलेला वर काढला.

मूळ आत आहे. आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेवर उलटते. त्वचेच्या पेशीला तळातून वर यायला एरवी महिनाभर लागतो, इथे ती ३ ते ५ दिवसांत येते. पापुद्रे साचतात ते त्यामुळे. कल आनुवंशिक असतो. 'आमच्यात कुणालाच नाही' असं मीही म्हणायचो. मग मामांच्या डोक्यातला जन्माचा 'कोंडा' आठवला! आईने तर त्र्यंबकला नारायण नागबळीही करवला. तिला बरं वाटलं, माझे कोपर तसेच.

कल असूनही कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही, ठिणगी लागते. माझी ठिणगी घशाची. घसा सुजला आणि तीनेक आठवड्यांत पाठभर थेंबांएवढे ठिपके. रक्तदाबाच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर), लिथियम, मलेरियाची क्लोरोक्विन, दारू, बिडी-सिगारेट, वाढलेलं वजन, ताण यांनीही तो उफाळतो. आपल्याकडची डिसेंबरातली कोरडी थंडी वेगळीच. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होतो, हे मात्र सोडून द्या. शिवल्यानेही होत नाही; मुलांना जवळ घेऊ द्या.

आणि कुणाची बिननावाची औषधाची पुडी आणू नका. मी आणली होती. आठ दिवसांत अंग गुळगुळीत; बंद केली तर महिन्यात नखशिखांत लाल. आत स्टिरॉइड होतं.

आता एवढं सांगा: छाटणीआधी महिनाभरात घसा धरला होता का, नवी गोळी सुरू झाली होती का? आणि सकाळी उठल्यावर त्यांची बोटं आखडतात का? आखडत असतील तर डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, हा आजार सांध्यांतही उतरतो.