बॉडीला झिणझिण्या, मोटर सोडते स्टेप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, देव्हाऱ्याच्या जाळ्या कोरायला मी घरीच सीएनसी राउटर (कंप्युटरवर चालणारं कोरायचं मशीन) बनवलाय. ॲल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम, नेमा २३ मोटरी, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), अर्डुइनो उनो बोर्डवर जीआरबीएल (मोटरी चालवणारं सॉफ्टवेअर) आणि दीड किलोवॅटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह). अनवाणी उभं राहून फ्रेमला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर पण पेटतो. आणि स्पिंडल चालू केला की कुठेही न धडकता लिमिटचा (टोकाला बसवलेल्या स्विचचा) अलार्म येऊन मशीन थांबतं. वायरमन म्हणतो बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून टाकू, झिणझिण्या जातील. जोडू का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नको. अजिबात नको. झिणझिण्या जातील हे खरंय, पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा कोणी बोर्डात फेज-न्यूट्रल उलटा जोडला तर तुमची अख्खी फ्रेम २३० व्होल्टवर येईल, आणि तेव्हा नुसत्या झिणझिण्यांवर भागणार नाही.

आता हा करंट येतो कुठून ते बघा. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थ असला की तो बारीकसा करंट गुपचूप जमिनीत जातो, अर्थ नसला की बॉडी दोघांच्या मध्ये लटकते, म्हणून मल्टिमीटरला फ्रेमवर साधारण ११० ते ११५ व्होल्ट दिसतात. तुमच्याकडेही तेवढेच दिसले तर एसएमपीएस बिघडलेला नाही, अर्थ गायब आहे. २०० च्या वर दिसले तर मात्र कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागलीय, मशीन बंद करा आणि ती शोधा.

तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थ आहे असं धरून चालू नका. मेन बंद करून बोर्ड उघडा, बऱ्याच घरांत वरच्या जाड पिनेच्या मागे वायरच नसते. वायर असेल तर फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळपास सारखं दिसायला हवं, पण नुसत्या मीटरवर विसंबू नका, मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेला अर्थ पण त्याला चांगलाच दिसतो. वायरमनकडून अर्थ टेस्टरने अर्थचा खड्डा मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत आहे ती घरी करू नका, अर्थ खराब असेल तर तेवढ्या वेळात घरातल्या फ्रिज-गिझरच्या बॉडीपण जिवंत होतात. तुमच्याकडे तर जांभा, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थ ढिला होतो, खड्ड्यात पाणी घालायचं लक्षात ठेवा.

मग मशीनवर या. पॅनलमध्ये एक तांब्याची पट्टी बसवा आणि एसएमपीएस, व्हीएफडी, फ्रेम, स्पिंडल, सगळ्यांची हिरवी वायर वेगवेगळी तिथे आणा, एकातून दुसऱ्यात अशी माळ नको. आणि प्रोफाइल जर ॲनोडाइज केलेलं असेल (चकचकीत असतं ते बहुतेक असतंच) तर तो थर वीज वाहू देत नाही, नुसता नटबोल्ट आवळून काही होत नाही. तेवढी जागा पॉलिश पेपरने खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि मीटर बझरवर ठेवून फ्रेमच्या दुसऱ्या टोकापर्यंत बीप येतो का बघा. गँट्रीला (स्पिंडल वाहणाऱ्या सरकत्या पुलाला) वेगळी लवचिक वायर द्या, बेअरिंगमधल्या ग्रीसमधून अर्थ मिळेल ही आशा सोडा. स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी पिनपण तपासा, बऱ्याच स्वस्त स्पिंडलमध्ये ती आत बॉडीला जोडलेलीच नसते.

अलार्मचं मूळ व्हीएफडीत आहे. तो व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, तो गोंगाट शेजारून जाणाऱ्या लिमिटच्या वायरीत शिरतो आणि अर्डुइनोला वाटतं स्विच दाबला गेला. त्यामुळे स्पिंडलला शिल्डवाली केबल घ्या, शिल्ड व्हीएफडीच्या बाजूला आणि स्पिंडलच्या बॉडीला दोन्हीकडे जोडा, लिमिटच्या वायरीची शिल्ड मात्र फक्त पॅनलच्या बाजूला. दोन्ही केबल एका ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहणाऱ्या साखळीत) चिकटून नेऊ नका. स्विच एनओवर (दाबल्यावर जुळणारा) असेल तर एनसीवर (दाबल्यावर तुटणारा) घ्या (मग जीआरबीएलची $५ ही सेटिंग पण बदलावी लागेल), म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. उनोच्या आतला पुलअप (पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) फारच अशक्त, बाहेरून ५ व्होल्टला एक-दोन किलोओमचा रेझिस्टर आणि पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तरी थांबलं नाही तर लिमिट २४ व्होल्टवर ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) घ्या. एकदा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, अलार्म गेला तर गोंगाट यूएसबीतून येतोय. काही जण यातलं काहीच न करता $२१ शून्य करतात, म्हणजे लिमिटच बंद! अलार्म जातो हो, आणि एके दिवशी गँट्री टोकाला जाऊन आदळते.

प्रश्न : माझी मोटर ४००० एमएम पर मिनिटला नेली की किरकिरून अडकते. ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा) डीएम५४२ टाइपचा, करंट पूर्ण वाढवला तर मोटर हात लावता येणार नाही इतकी तापते, तरी तेच. जास्त अचूक म्हणून मायक्रोस्टेप १/३२ (एका स्टेपचे ३२ तुकडे) ठेवलाय. १६०५ बॉलस्क्रू, २४ व्होल्ट, उनो. शिवाय काम संपल्यावर झिरो पण सरकलेला असतो. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : हिशोब करा. मोटरच्या एका फेऱ्याच्या २०० स्टेप गुणिले ३२, भागिले स्क्रूची एका फेऱ्यातली चाल ५ एमएम, म्हणजे एका एमएमला १२८० पल्स. ४००० ला सेकंदाला ८५ हजारांच्या वर पल्स लागतात आणि उनोवर जीआरबीएल साधारण ३० हजारांपर्यंतच देऊ शकतं. म्हणजे मोटरला बिचारीला दोष देऊन उपयोग नाही. १/८ वर या, $१०० ला (एका एमएमला किती पल्स ही सेटिंग) ३२० टाका, तेच काम २१ हजारांत होतं. अचूकतेचं म्हणाल तर ३२ मुळे चाल मऊ होते इतकंच, जोर लागला की बारीक स्टेप तशाही जागच्या हलतात.

दुसरं म्हणजे करंट नाही, व्होल्ट वाढवा. मोटर जोरात फिरायला लागली की कॉइलमध्ये करंट भरायला वेळच मिळत नाही, वेळ कमी करायचा तर दाब जास्त हवा. तुमच्या ड्रायव्हरवर ५० व्होल्टपर्यंत लिहिलेलं असेल तर ३६ चा एसएमपीएस घ्या, ब्रेक लागताना मोटर उलटी वीज ढकलते म्हणून अगदी काठावर जाऊ नका. करंट मोटरच्या लेबलवर आहे तेवढाच.

मग ट्यूनिंग. आधी बंद मशीनमध्ये स्क्रू हाताने फिरवून बघा, एकाच जागी जड लागत असेल तर स्क्रू वाकडा बसलाय, ते सेटिंगने सुधारणार नाही. मग ॲक्सिलरेशन ($१२०) कमी ठेवून स्पीड ($११०) थोडा थोडा वाढवत न्या, अडकला त्याच्या वीसेक टक्के खाली थांबा, आणि तसंच मग ॲक्सिलरेशनचं. रिकाम्या मशीनवर चाललं म्हणजे झालं नाही, लाकडात बिट घुसल्यावरच खरं कळतं.

झिरो सरकतो कसा ते नीट बघा, त्यावरून रोग कळतो. एकदम एक-दोन एमएम उडी मारली तर मोटर अडकली. माप लांबीप्रमाणे चुकत असेल तर $१०० चुकीचं. गोल चपटा येतो तर कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला किंवा नटमध्ये प्ले आहे. आणि दिशा जितक्यांदा बदलते तितकं थोडं थोडं एकाच बाजूला सरकत असेल तर पल्सची उलटसुलट, ड्रायव्हर चुकीच्या कडेवर स्टेप मोजतोय, दरवेळी दिशा वळताना एक स्टेप गडबडते. जाळीच्या कामात दिशा हजारदा बदलते, म्हणून तिथेच जास्त दिसतं. $२ (स्टेपची पल्स उलटी करायची सेटिंग) बदलून तोच जॉब परत चालवा.

आणि हो, चालू ड्रायव्हरला मोटरचा कनेक्टर काढायचा-लावायचा नाही, ड्रायव्हर जागीच उडतो.

प्रश्न : व्हीएफडी लावला की घराचा ईएलसीबी (अर्थमध्ये करंट गळला की मेन पाडणारा स्विच) पडतो, काढून टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू नका. व्हीएफडीचा फिल्टर अर्थमध्ये थोडा करंट सोडतोच, घरातल्या बाकी सामानाची भर पडून ३० मिलिअँपची मर्यादा ओलांडते. मशीनला मेनपासून वेगळी लाइन आणि वेगळा आरसीसीबी (ईएलसीबीचंच काम करणारा स्विच) घ्या, पण दुकानात सर्रास मिळतो तो एसी टाइपचा नको, व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये जो टाइप सांगितलाय तोच मागा. तरीही पडला तर स्पिंडलची केबल सोडवून नुसता व्हीएफडी चालू करून बघा, तेव्हा पडत नसेल तर दोष केबलमध्ये किंवा स्पिंडलच्या वाइंडिंगमध्ये, केबल सोडवलेलीच ठेवून स्पिंडल मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या.