नाताळच्या जुन्या पिक्चरचे इतक्या वर्षांनी आलेले सिक्वेल बघावेत का?

तुमचा प्रश्न असा की डिसेंबरमध्ये आईबाबा भारतातून येतायत, मुलांना सुट्टी आहे, तर सगळ्यांनी मिळून बघायला जुन्या नाताळ पिक्चरचे हे जे नवे नवे भाग आलेत ते लावावेत की जुनेच परत लावावेत, आणि नवीन बघून जुन्याची मजा जाते का. मी अमेरिकेत ओहायोत राहते, लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला नाताळचा पिक्चर म्हणजे फक्त 'होम अलोन' माहीत होता, तोही केबलवर बघितलेला. इकडची मुलं वाढवता वाढवता बाकीचे सगळे बघून झाले. त्यामुळे माझं उत्तर स्पष्ट आहे: एक सिक्वेल नक्की बघा, एक सिरीज वेळ असेल तर बघा, आणि 'होम अलोन'चा २०२१ चा भाग सोडून द्या.

बघायचा तो म्हणजे 'अ ख्रिसमस स्टोरी ख्रिसमस', २०२२ चा. पण त्याच्या आधी १९८३ चा मूळ 'अ ख्रिसमस स्टोरी' बघायलाच हवा, नाहीतर नव्यातलं काही पोचणार नाही.

आपल्याकडे हा पिक्चर कुणाला फारसा माहीत नाही म्हणून थोडं सांगते. इंडियाना राज्यातलं होमन नावाचं काल्पनिक गाव, साधारण १९४० चा काळ, नऊ वर्षांचा राल्फी आणि त्याला नाताळात हवी असलेली छऱ्याची बंदूक. आई म्हणते डोळा फोडून घेशील, शाळेतल्या बाई तेच म्हणतात, दुकानातला सांताक्लॉजसुद्धा तेच म्हणतो. एवढीच गोष्ट. ही गोष्ट जीन शेफर्ड नावाच्या माणसाच्या आठवणींवरून घेतलीय, तो रेडिओवर रात्री रात्री आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगायचा, त्याचं खरं गाव हॅमंड, तेही इंडियानातच. दिग्दर्शक बॉब क्लार्कने गाडी चालवताना रेडिओवर त्याला ऐकलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात हा पिक्चर होता, पण पैसे कोण देणार, शेवटी त्याचा १९८१ चा एक चावट कॉमेडी पिक्चर तुफान चालला आणि त्या जोरावर हा करायला मिळाला. आणि पूर्ण पिक्चरभर मोठ्या झालेल्या राल्फीचा जो आवाज ऐकू येतो तो खुद्द शेफर्डचा आहे.

थिएटरात तो ठीकठाकच चालला. त्याचं नशीब पालटलं टीव्हीवर. १९८६ मध्ये टीव्ही चॅनेलवाल्या टेड टर्नरने एमजीएम स्टुडिओची जुन्या पिक्चरची लायब्ररी घेतली, त्यात हा आला, आणि १९९७ पासून त्यांच्या चॅनेलवर २४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून २५ च्या संध्याकाळपर्यंत चोवीस तास हाच पिक्चर एकामागून एक लावायला सुरुवात झाली. इकडच्या घरांत तो टीव्ही दिवसभर चालूच असतो, कुणी स्वयंपाकघरातून येऊन दहा मिनिटं बघतं, कुणी झोपेतून उठून मधूनच बघतं, त्यामुळे लोकांना तो तुकड्यातुकड्यांत पाठ आहे. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चंही तसंच झालं होतं, १९४६ चा पिक्चर, १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं आणि टीव्हीवाल्यांना तो जवळपास फुकट मिळाला म्हणून त्यांनी दर नाताळात लावला, आणि त्यातून तो घराघरात गेला. म्हणजे हे पिक्चर लोकांचे लाडके झाले ते दरवर्षी घरात वाजत राहिले म्हणून. आणि म्हणूनच त्यांचा सिक्वेल काढणं अवघड असतं, कारण लोकांची आठवण नुसती पिक्चरची नसते, तो चालू असताना सोफ्यावर शेजारी कोण बसलं होतं त्याची असते.

आता मूळ पिक्चरमधला एक सीन सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. (ज्यांना आधी काही कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडा.) नाताळची सकाळ, सगळी गिफ्टं उघडून झालीत, कागदांचा ढीग पडलाय, बंदूक काही आलेली नाही आणि राल्फी बिचारा चेहरा नीट ठेवून बसलाय. तेवढ्यात बाप सहज म्हणतो की ते तिकडे टेबलामागे काय आहे रे, बघ जरा. हा बाप पिक्चरभर घर गरम करायच्या भट्टीशी भांडतो, शेजाऱ्यांच्या कुत्र्यांवर ओरडतो, बाईच्या पायाच्या आकाराचा दिवा बक्षीस मिळाला म्हणून खिडकीत ठेवतो, त्याला नावसुद्धा नाही, नुसता 'ओल्ड मॅन'. मुलगा खोका उघडत असतो तेव्हा कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावर जातो, तो मुलापेक्षा जास्त अधीर झालेला असतो, आणि बायकोला हळूच सांगतो की मी आठ वर्षांचा असताना माझ्याकडेही होती. बापाचं काम करणाऱ्या डॅरेन मॅकगॅविनने तो सीन असा केलाय की मला आजही भरून येतं. बापाने मुलाचं सगळं ऐकलेलं असतं, फक्त कधी दाखवलेलं नसतं.

यानंतर सिक्वेल तसे बरेच निघाले. १९९४ मध्ये खुद्द बॉब क्लार्कनेच एक काढला, उन्हाळ्यातली गोष्ट, आवाजही शेफर्डचाच, पण राल्फी वेगळा, आई वेगळी, बाप वेगळा, आणि लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. २०१२ मध्ये थेट डीव्हीडीवर दुसरा आला, त्यात बाप झालाय डॅनियल स्टर्न, म्हणजे 'होम अलोन'मधल्या दोन चोरांपैकी उंच असलेला. चांगला नट आहे तो, पण राल्फी थोडा मोठा झालाय आणि आता त्याला बंदुकीऐवजी गाडी हवीय, बस. जुन्या खाणाखुणा सगळ्या आणल्यात पण माणसं नाहीत. क्लार्क, शेफर्ड, सगळे असूनही पहिला पडला आणि खुणा असूनही दुसरा पडला, याचं कारण मला विचाराल तर एकच, दोन्हींत वेळ फारसा पुढे सरकलेलाच नाही. बघणारे मोठे झाले, त्यांना पोरं झाली, आणि पडद्यावर मात्र कुणीतरी दुसराच पोरगा राल्फी म्हणून अजून पोरवयातच फिरतोय.

२०२२ च्या पिक्चरने नेमकं हे ओळखलं. १९७३ साल आहे, राल्फी आता राल्फ आहे, शिकागोत राहतो, बायको आहे, दोन मुलं आहेत, लेखक व्हायचंय आणि प्रकाशक नकार देतायत. आणि नाताळच्या तोंडावर आईचा फोन येतो की बाबा गेले. पिक्चर सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो तेव्हाच हे होतं. मॅकगॅविन २००६ मध्येच वारले होते, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही, गेले ते गेले म्हणून सांगितलं. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. राल्फ म्हणून पीटर बिलिंग्जलीच आहे, तोच पोरगा, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि आता पन्नाशी ओलांडलेला, तेच निळे डोळे, तोच चष्मा. (मधल्या काळात त्याने निर्माता म्हणून खूप काम केलं, पहिल्या 'आयर्न मॅन'च्या निर्मात्यांतही तो आहे.) या सिक्वेलच्या कथेत आणि निर्मितीतही तोच आहे, म्हणजे हे कुणीतरी बाहेरून येऊन केलेलं नाही. जुने मित्रही तेच, ज्याची जीभ गारठलेल्या खांबाला चिकटली होती तो फ्लिक आता बार चालवतो आणि त्याचं काम करतो तो तेव्हाचाच मुलगा, स्कॉट श्वार्ट्झ. तो जिभेचा सीन खऱ्या बर्फावर केला नव्हता बरं का, प्लॅस्टिकच्या खांबाला बारीक भोक पाडून आतून हवा ओढून घेत होते म्हणून जीभ चिकटल्यासारखी दिसते. फक्त आई बदललीय, मेलिंडा डिलन तोपर्यंत निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या जागी ज्युली हॅगर्टी आल्यात, आणि पहिली पाच मिनिटं सोडली तर ते खटकत नाही.

आता घर, नाताळ, सगळं राल्फच्या अंगावर येतं. आई त्याला सांगते की बाबांबद्दल पेपरात द्यायचं तू लिही. आपल्याकडे पेपरात फोटो आणि खाली शोकाकुल परिवार एवढं येतं, पण इकडे घरचेच बसून गेलेल्या माणसाचं आयुष्य लिहून काढतात, कुठे जन्मला, काय आवडायचं, कसा होता, आणि ते छापून येतं. तर लेखक म्हणवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बापाबद्दल एक वाक्य सुचत नाही. पूर्ण पिक्चरभर तो कागद कोरा असतो आणि तो दिवे लावतोय, झाड आणतोय, मुलांची गिफ्टं बघतोय, आणि हळूहळू त्याला कळत जातं की बाप हे सगळं दरवर्षी न बोलता करत होता. शेवटी तो काय लिहितो ते सांगत नाही, तुमच्यासाठी ठेवते, पण १९८३ चा पिक्चर ज्यांनी बघितलाय त्यांना तिथे रडू येणार हे नक्की. माझे वडील गेल्यानंतर मी तो बघितला, आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील कायम तेच बांधायचे, कामट्या वगैरे स्वतः तासून, आणि ते गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की ते कसं करतात हे घरात कुणी शिकूनच घेतलं नव्हतं. म्हणून मला हा पिक्चर जवळचा वाटतो.

दोष आहेत त्यात. मधला अर्धा तास जुन्या गमतींची आठवण करून देण्यात जातो, मित्रांनी एकमेकांना पैजा लावायच्या, दुकानातल्या सांताची रांग, काही ठिकाणी तर ओढूनताणून आणलंय. शूटिंग पूर्व युरोपात झालंय, तिकडे गल्ली उभी केली, आणि ते बर्फ कधीकधी फार स्वच्छ वाटतं. मूळ पिक्चरमधली थोडी खडबडीत, थोडी उर्मट जी चव होती ती इथे गोड झालीय. तरी बघा.

'होम अलोन'बद्दल, कारण आईबाबांना तोच माहीत असणार. पहिला १९९० चा आणि दुसरा १९९२ चा, हे लावाच. दुसरा म्हणजे पहिल्याचीच न्यूयॉर्कमध्ये केलेली पुनरावृत्ती आहे पण माणसं तीच आणि घरच्यांपासून मागे राहिलेला मुलगा केविन तोच म्हणून चालून जातो. मुलांना चोरांची फजिती आवडते पण तुम्ही चर्चमधला सीन बघा, ज्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला केविन खुनी समजत असतो तो त्याच्या शेजारी येऊन बसतो आणि सांगतो की मुलाशी बोलणं बंद आहे, आणि आठ वर्षांचं पोर त्याला सांगतं की फोन करा. तो सीन काढला तर उरते नुसती मारामारी. २०२१ चा 'होम स्वीट होम अलोन' म्हणजे तसंच झालंय. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स विकत घेतलं, त्यांच्याकडे हे नाव आयतं आलं, ओटीटीवर नाताळात लोकांना ओढायला ओळखीचं नाव हवंच असतं. पण त्यात घरात घुसणारं जोडपं हे घर विकायची वेळ आलेलं, चार पैशांसाठी हताश झालेलं जोडपं आहे, आणि त्यांच्या डोक्यावर वस्तू पडतात तेव्हा मला हसूच आलं नाही, वाईट वाटलं. केविनचा मोठा भाऊ बझ पोलीस झालेला दिसतो, तेवढा एक जुना चेहरा, पण तो नुसता येऊन जातो.

वेळ असेल तर बघा म्हटलं ती सिरीज म्हणजे 'द सांता क्लॉजेस', २०२२ ची, टिम अॅलन सांता झालेल्या १९९४ च्या पिक्चरची पुढची गोष्ट. त्यात सांताच पासष्टीला आलाय आणि निवृत्तीचा विचार करतोय, त्याच्या मुलीचं काम टिम अॅलनच्या खऱ्या मुलीने केलंय. सगळे भाग सारखे नाहीत, पण इथेही वय लपवलेलं नाही म्हणून पहिला सीझन चांगला वाटतो. तुमच्या आईबाबांना निवृत्तीचं ते सगळं आवडेल असं मला वाटतं.

आणि 'एल्फ'चा सिक्वेल शोधू नका, त्यातला हिरो विल फेरेलने मोठी रक्कम नाकारून तो केला नाही, मला त्याचा आदर वाटतो.

ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या जवळपास येणार असाल तर अजून एक. मूळ पिक्चरमधलं राल्फीचं घर तिथे ट्रेमाँट भागात आहे, एका चाहत्याने २००४ मध्ये ते इबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विकत घेतलं आणि २००६ पासून लोकांना बघायला खुलं केलं. पिक्चरमधला आतला भाग स्टुडिओत होता, पण त्याने घर आतून पडद्यावर दिसतं तसं करून घेतलं, आणि दोऱ्या बांधून लांबून दाखवत नाहीत, मुलांना राल्फीच्या धाकट्या भावासारखं सिंकखालच्या कपाटात शिरून बसू देतात. खिडकीत तो पायाचा दिवा आहेच. डिसेंबरात गर्दी प्रचंड असते, तेव्हा तिकीट आधी काढा, आणि पिक्चर आदल्या रात्री दाखवून मगच आईबाबांना घेऊन जा.