१९७७ च्या मर्सिडीज ४५० एसएलचे बंद झालेले फ्युएल इंजेक्शनचे भाग कुठे मिळतील?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सासऱ्यांची ४५० एसएल सहा वर्षं बडोद्यात बंगल्यामागे झाकून उभी होती, आता ती चालू करायची आहे. गॅरेजवाला म्हणतो की फ्युएल डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटून देणारा भाग) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेपर्यंत पेट्रोलचं प्रमाण सांभाळणारा) दोन्ही गेले आणि हे भाग कंपनीने बंद केलेत. तेव्हा एकतर परदेशातून महागडा माल मागवा, नाहीतर सगळं काढून कार्बोरेटर बसवा.

आधी मी कोण ते सांगतो. मी मोटार मेकॅनिक नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो आणि मकरपुरा जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये आयुष्य घालवलं. ४५० एसएल माझ्या दारात कधी उभी राहिली नाही आणि राहणारही नाही. पण ज्याचा भाग कुठेच मिळत नाही तो शेवटी लेथवाल्याचा पत्ता शोधत येतो. त्यामुळे लोकांच्या हौसेच्या गाड्यांची पाच-सहा के-जेट्रॉनिक (तुमच्या गाडीत आहे तीच फ्युएल इंजेक्शनची सिस्टिम) माझ्या टेबलावर येऊन गेली.

आता माझा प्रश्न: ते दोन 'गेलेले' भाग या क्षणी कुठे आहेत? गॅरेजच्या फळीवर पडले असतील तर उत्तर पुढे वाचण्याआधी जा आणि फडक्यात गुंडाळून घरी आणा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा जुना वॉर्म-अप रेग्युलेटर आधीच्या गॅरेजने भंगारात देऊन टाकला होता. का, तर म्हणे 'नवा येतोच आहे'. नवा काही आला नाही, आणि जुन्यावर ठोकलेला नंबरही गेला. तो नंबर वर्कशॉप मॅन्युअलच्या तक्त्यातून हुडकून काढायला आमचे पंधरा दिवस गेले.

नंबराला एवढं महत्त्व का, तर हे भाग मुळात मर्सिडीजचे नाहीतच, बॉशचे आहेत. के-जेट्रॉनिक बॉशने १९७३ मध्ये आणलं आणि मग ते पोर्शे ९११, व्होल्वो २४०, गोल्फ जीटीआय, फेरारी ३०८ जीटीबीआय, एवढंच काय, डेलोरियनवरही बसलं. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवर बॉशचा दहा आकडी नंबर असेल, ० ४३८ १०० ने सुरू होणारा. रेग्युलेटरवर ० ४३८ १४०, इंजेक्टरवर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नोझलवर, ० ४३७ ५०२. पुढचे तीन आकडे म्हणजे तुमच्या गाडीचं गोत्र. इंजेक्टरच्या बाबतीत तिथे थोडीफार सोयरीक जुळते. रेग्युलेटरच्या बाबतीत अजिबात नाही. दिसायला हुबेहूब असलेल्या दोन रेग्युलेटरांचं दाबाचं गणित वेगळं असतं, आणि चुकीचा बसवला तर गाडी थंडीत एक नाटक करते आणि तापल्यावर दुसरं.

म्हणून '४५० एसएलचा पार्ट आहे का' असं कुणाला विचारूच नका. दोन सीटची उघडी गाडी म्हटली की विकणाऱ्याचे डोळे लकाकतात. तेच ४.५ लिटरचं व्ही-८ इंजिन त्या काळच्या ४५० एसई आणि एसईएल या मोठ्या सेडानमध्येही होतं. सेडान गंजून भंगारात जास्त गेल्या आणि त्यांच्यावर कुणी कविता करत नाही. नंबर घ्या आणि सेडानच्या नावाने शोधा.

पण शोधायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. गॅरेजवाल्याने दाब मोजला का? नसेल मोजला, तर 'गेलं' हे त्याने कशावरून ठरवलं?

या सिस्टिमचं सगळं गुपित दाबात आहे. ० ते १० बारचं चांगलं गेज, एक बंद करायचा कॉक आणि दोन नळ्या, एवढ्यात काम होतं. फिटिंग मिळाली नाही तर लेथवर अर्ध्या दिवसात होते. गेज डिस्ट्रिब्युटर आणि रेग्युलेटर यांच्या मधल्या नळीवर लावायचं, कॉक रेग्युलेटरच्या बाजूला. कॉक बंद करून पंप चालवला की सिस्टिमचा दाब दिसतो. तो साधारण ५ बारच्या आसपास हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. कॉक उघडला की कंट्रोल प्रेशर, म्हणजे रेग्युलेटर ठरवतो तो दाब, दिसतं. ते थंड इंजिनावर कमी असतं आणि रेग्युलेटरमधली पट्टी तापेल तसं चढत साडेतीन बारच्या वर जातं. पंप बंद केल्यावर काटा किती वेळ तग धरतो तेही पाहायचं. या तीन आकड्यांवरून नव्वद टक्के निदान होतं. नव्वद हा माझा अंदाज, कुठल्या पुस्तकातला नाही.

यात बडोद्याची एक गोम आहे. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचा आलेख असतो आणि लोक त्यातला २० अंशांचा आकडा पाठ करतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी नऊला गॅरेजच्या पत्र्याखाली ३५ अंश असतात. तेव्हा काटा २० अंशांच्या आकड्यापेक्षा वर दिसणारच, आणि 'रेग्युलेटर गेला' म्हणून एक चांगला भाग बाद होणार. आलेखावर त्या दिवशीच्या तापमानासमोरचा आकडा बघा. हेच कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हचं, म्हणजे थंड इंजिन उठवताना जादा पेट्रोल फवारणाऱ्या व्हॉल्व्हचं. त्याला चालू करणाऱ्या थर्मो-टाइम स्विचवर तापमान आणि सेकंद कोरलेले असतात. त्या तापमानाच्या वर तो व्हॉल्व्हला हुकूमच देत नाही. बडोद्यात मे महिन्यात तो व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा, त्यामुळे उन्हाळ्यात गाडी उठत नाही म्हणून तो विकत घेऊ नका. आपल्याकडची खरी तक्रार उलटी असते. गाडी पळवून आणली, चहा प्यायला थांबलो, आणि पंधरा मिनिटांनी ती पुन्हा उठेना. हे दाब न टिकण्याचं दुखणं. त्यात दोषी असतो अॅक्युम्युलेटर (पंप बंद झाल्यावर दाब धरून ठेवणारा डबा) किंवा पंपाच्या टोकावरचा, पेट्रोल मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह, आणि चेक व्हॉल्व्ह बहुतेक पंपांना सुटा मिळतो.

आता डिस्ट्रिब्युटर. त्याच्या मधोमध पेन्सिलीएवढा एक प्लंजर असतो, ज्या नळकांड्यात तो सरकतो त्याला प्रत्येक सिलिंडरसाठी एक, म्हणजे तुमच्या गाडीत आठ उभ्या चिरा असतात. चिरेची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. इंजिन हवा ओढतं, हवेच्या वाटेतली गोल ताटली त्याने सरकते, ताटली प्लंजर उचलते, आणि चीर जेवढी उघडी पडेल तेवढं पेट्रोल. बाकी काही नाही. इथे कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही.

उभ्या गाडीत घोटाळा होतो तो इथेच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते पाणी खाली बसतं, गंज आणि चिकटा तयार होतो आणि प्लंजर अडकतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा असाच अडकला होता. कुणीतरी आधी पक्कड लावून पाहिली होती, सुदैवाने वरवर. मी डिस्ट्रिब्युटर ताटलीवरून उचलताना खाली तळहात धरला होता, कारण मोकळा असेल तर प्लंजर निसटून फरशीवर पडतो आणि त्याच्या धारेला टवका गेला की खेळ खल्लास. तो पडला नाही, घट्ट होता. मग स्टीलच्या डब्यात कार्बोरेटर क्लीनर घालून चार दिवस बुडवून ठेवला. रोज संध्याकाळी बोटाने जरा ढकलून पाहायचो. तिसऱ्या दिवशी कागदाएवढा हलला. पाचव्या दिवशी बाहेर आला, बारीक तांबूस चिखलात माखलेला. पॉलिश पेपर नाही, ब्रासो नाही, फक्त धुवायचं, मलमलीने पुसायचं आणि परत घालायचं. उभा धरला तर स्वतःच्या वजनाने, घाई न करता, खाली सरकला. एखादं इंजेक्शनचं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हाही मला एवढा आनंद झालेला नाही.

तो सरकला, पण आठही चिरांतून सारखं पेट्रोल येतं का हे वेगळं पाहावं लागतं. आठही इंजेक्टर इनटेकमधून उपसून नळीसकट आठ सारख्या काचेच्या बाटल्यांत सोडायचे, पंप चालवायचा आणि हवेची ताटली हाताने सरकवून धरायची. (मोकळ्या अंगणात, अग्निशामक शेजारी, आजूबाजूला बिडीवाला नको. हे गमतीत लिहीत नाही.) आमच्या सात बाटल्या एका रेषेत भरल्या, तिसरी बोटभर मागे राहिली. मग तिसरा आणि चौथा इंजेक्टर अदलाबदल केले. मागे राहणं इंजेक्टरबरोबर चौथ्या बाटलीत गेलं. म्हणजे डिस्ट्रिब्युटर ठणठणीत, एक इंजेक्टर आजारी. आठ बाटल्यांनी एका डिस्ट्रिब्युटरचा खर्च वाचवला.

इंजेक्टर तपासायला डिझेलचे पंप-नोझलवाले आहेतच. त्यांच्याकडे हाताने दाबायचा टेस्टर असतो. फक्त त्याचं गेज डिझेलच्या दाबाचं, शेकडो बारचं असतं. तुमचे इंजेक्टर साडेतीन बारच्या जवळपास उघडतात, त्याच्या काट्याला ते कळणारही नाही. १० बारचं गेज लावायला सांगा. एकदा पटलं की ती माणसं फार बारकाईने काम करतात.

रबराच्या बाबतीत आपण नशीबवान. कोयलीची रिफायनरी आणि भोवतालचे रासायनिक कारखाने यांच्यामुळे बडोद्यात व्हायटनची ओ-रिंग ही रोजची वस्तू आहे. साधी नायट्राइल घेऊ नका, व्हायटनच घ्या, इथेनॉलला ती टिकते. बॅन्जो बोल्टांचे (नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवे टाका. अडलंच तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात. पंप, फिल्टर, अॅक्युम्युलेटर हे नवे मिळतात, त्यासाठी जिवाला घोर नको. ताटली आणि थ्रॉटल यांच्या मधला मोठा रबरी बूट मात्र नीट वाकवून बघा. त्याला खालून चीर गेली असेल तर ताटलीला चुकवून हवा आत जाते आणि मग दाब कितीही अचूक असो, गाडी खोकतच राहते. तो बूट लेथवर होत नाही. विकतच घ्यावा लागतो.

काय उघडू नये तेही सांगतो: डिस्ट्रिब्युटरचे दोन अर्धे. मध्ये पातळ पोलादी पडदा आहे आणि दोन्ही बाजूंच्या दाबात फरक फक्त ०.१ बारचा. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलं, तरी ते मी उघडलं नाही. बाटल्यांची परीक्षा तिथे नापास झाली तर तो भाग त्या कामाच्या माणसाकडेच जायला हवा. बॉशचा जुन्या गाड्यांसाठी बॉश क्लासिक नावाचा विभाग आहे, मर्सिडीजचं क्लासिक सेंटर श्टुटगार्टजवळ फेलबाखला आहे. दोघांनाही गाडीचं नाव नको, नंबर आणि फोटो पाठवा.

बाहेर पाठवायची वेळ आलीच तर कागद आधी तयार करा. वापरलेले सुटे भाग परदेशातून आणण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यामुळे 'जुना पण चांगला' असा पार्सलने मागवण्याआधी कस्टम एजंटला विचारा. तुमचाच भाग दुरुस्तीला जाऊन परत येत असेल तर कर दुरुस्तीच्या आणि वाहतुकीच्या खर्चावर बसतो, पूर्ण किमतीवर नाही. पण जाताना कागदावर त्याचा नंबर नोंदवलेला हवा, म्हणजे परत आलेला तोच आहे हे दाखवता येतं. आणि पेट्रोलचा जरा जरी वास आला तरी कुरियरवाला खोका परत करतो. पूर्ण निथळून, धुवून, दोन दिवस उन्हात ठेवा.

कार्बोरेटरचं विचारलंत म्हणून: बसतो, गाडी चालतेही. माझ्या डोळ्यांदेखत एकाने बसवला. पण काढलेलं सगळं सामान त्याने गॅरेजलाच सोडलं, आणि विकायच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाईक बॉनेट उघडून 'मूळचं कुठंय?' विचारायचं. बसवायचाच असेल तर मूळचं खोक्यात भरून माळ्यावर ठेवा.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा मी दोन दिवस नुसता बॉनेटखाली डोकावत फिरलो. तिथे ओळखी होतात. अशा मालकांच्या गोदामात एक जादा रेग्युलेटर पडलेला असतो आणि तो कुठल्या गाडीचा हे त्यांनाही आठवत नसतं. नंबर खिशात असला तर तुम्हाला आठवेल.

तूर्त एवढं करा: दोन्ही भागांवरचे नंबर, गेजचे तीन आकडे आणि मोजलं त्या वेळचं तापमान इथेच खाली लिहा. टाकीतलं सहा वर्षांचं पेट्रोल काढल्याशिवाय पंप चालवू नका. आणि गॅरेजवाल्याला सांगा की प्लंजरला पक्कड लावायची नाही, 'चालशे' म्हणाला तरी नाही.