रिटर्न गिफ्टच्या पिशव्या आणि फिरतं ब्लाउजपीस

प्रश्न : ताई, मुलीचा सहावा वाढदिवस आहे, २५ मुलं येणार. यंदा रिटर्न गिफ्ट जुन्या साडीच्या पिशव्यांतून द्यायचं डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, लोक म्हणतील जुनेर वाटलं. नवरा म्हणतो बाजारात तयार कापडी पिशव्या स्वस्तात मिळतात, त्या आण. काय करू? आणि एका साडीत किती पिशव्या होतील?

उत्तर : आधी नवऱ्याचं बघू. त्या स्वस्त रंगीत पिशव्या हातात घेऊन उजेडात धरा, बारीक बारीक ठिपके उमटवलेले दिसतील. ते कापड नाहीच, नॉन-वोव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, थोडक्यात प्लास्टिक, विणलेलं नसतं तर तंतू उष्णतेने चिकटवलेले असतात, आणि गॅलरीत ऊन लागलं की काही महिन्यांत त्याचा भुगा व्हायला लागतो. आपल्याकडे २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा त्यात याही पिशव्या होत्या. त्यामुळे ते राहू दे.

सासूबाईंचं मात्र अगदीच चूक नाही हं. विटलेली साडी नुसती कापून शिवली तर ती जुनेरच दिसते. साडी सुती असेल तर धुवा, थोडी खळ द्या, इस्त्री करा, मगच कात्री लावा. घडीवर विरलेला भाग सरळ टाकून द्या, जीव अडकवू नका. काठ पिशवीच्या तोंडाशी येईल असा बसवलात तर कोणी जुनं म्हणणार नाही, उलट कुठून आणली विचारतील. जरीची रेशमी असेल तर आतून सुती अस्तर लावा, नाहीतर शिवण उसवते.

आता हिशोब. तयार पिशवी ८ इंच रुंद, १० इंच उंच धरा. त्याला ९ बाय २४ चा तुकडा लागतो, मधोमध दुमडायचा, वर दोन्हीकडे २-२ इंच नेफ्याला. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे आडवे ५ तुकडे, २५ पिशव्यांना ५ रांगा, १२० इंच, जेमतेम ३ मीटर. साडी साडेपाच मीटरची, त्यामुळे निम्मीच संपते आणि विरलेलं टाकायलाही जागा राहते. नाडी मात्र लोक विसरतात, दोन्ही बाजूंनी ओढायची तर पिशवीला २४ इंचाच्या दोन, सगळ्या मिळून ३० मीटर! सॅटिनची रिबीन घेऊ नका, गाठ घसरते, उरलेल्या साडीच्याच पट्ट्या दुमडून शिवा.

आणि एक, पिशवीवर मुलीचं नाव, तारीख, केकचं चित्र काही नको. मी स्वतः हा गाढवपणा केलाय, मुलाच्या पाचव्याला हौसेने नाव छापून घेतलं, पुढे एका मैत्रिणीकडे गेले तर माझ्या लेकाचं नाव तिच्या ओट्यावर, पुसणं झालेलं. बरोबरच आहे की, दुसऱ्याच्या पोराच्या नावाची पिशवी कोण मिरवणार? त्यापेक्षा ती पुढे कशाला लागेल ते आधी ठरवा, ८ बाय १० मध्ये स्केचपेन, पत्ते, पोहण्याचे कपडे असलं काहीही मावतं. नाव लिहायचंच तर जाड कागदाची चिठ्ठी नाडीत ओवा, ती निघून जाते.

प्रश्न : लग्नाच्या भेटीला कागदाऐवजी कापड गुंडाळलं तर ते परत मागायचं का? विचित्र वाटतं.

उत्तर : छे, मागायचं कशाला! कापड हा भेटीचाच भाग. जपानमध्ये फुरोशिकी म्हणून चौकोनी कापडात वस्तू बांधायची जुनी रीत आहे, २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी पिशव्यांचा कचरा कमी व्हावा म्हणून तिला परत पुढे आणलं. पण आपली आजी डबा फडक्यात बांधून शेतावर न्यायची ते तरी वेगळं काय होतं.

बांधताना डबा चौकोनाच्या मधोमध तिरका ठेवायचा, लांबीकडची दोन टोकं वर येऊन डब्यापलीकडे वीतभर उरली पाहिजेत, नाहीतर गाठ बसत नाही. ८ इंच लांब, ३ इंच उंच डब्याला २४ इंचाचा चौकोन लागतो. सेलोटेप, टाचणी काही नको.

कापड मात्र असं द्या की ठेवणाऱ्याला उपयोग होईल. सुती ओढणी, नॅपकिन, किंवा खणाचं कापड चालेल, खणाचा पन्हा कमी असतो तेवढं बघून घ्या. ब्लाउजपीस म्हणाल तर माझं वैयक्तिक मत, साडीवर जुळेल असंच द्या. नाहीतर ते हळदीकुंकवाला ओटीत पडतं, तिथून पुढच्या घरी, मग तिसऱ्या. आमच्या सोसायटीत एक पोपटी ब्लाउजपीस आहे, दुकानाची पिवळी चिठ्ठी अजून त्याच्या कोपऱ्याला चिकटलेली, गेल्या संक्रांतीला ते तिसऱ्यांदा माझ्याच ओटीत आलं.