पुण्यात नवीन आहे. ऑनलाइन बुद्धिबळाच्या टीममुळे खरंच माणसं जोडली जातात का? कोणती टीम घ्यावी?

हो, जोडली जातात. कोणती टीम घ्यावी ते खाली सांगते, पण आधी तुमच्या रूममेटबद्दल. ‘स्क्रीनवर कसली आलीय ओळख, माणूस समोर बसला पाहिजे’ असं तो म्हणतो, हे तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. ते वाचून मी लिहायला बसले. हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला दर दिवाळीला ऐकवतो.

आम्हा दोघांना बुद्धिबळ आईने शिकवलं, एकाच पटावर, एकाच उन्हाळ्यात. नंतर दादाला बाबा सांगलीच्या स्पर्धांना घेऊन जायचे आणि मी घरी राहायचे, कारण ‘मुलीला एवढ्या लांब कुठं न्यायचं’. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली झाली आणि ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. म्हणजे मराठी घरातल्या मुली घराबाहेर पडून कधीच्याच खेळत होत्या. आमच्या घराला ते माहीत नव्हतं असंही नाही, आई कौतुकाने सांगायची.

नोकरीला लागल्यावर मी पुण्यात हॉलमधल्या स्पर्धा स्वतःच्या पैशाने खेळले. समोर माणूस बसलेला असायचा, अगदी दादाला हवा तसा. भिंतीवरच्या कागदावर आपलं नाव शोधायचं, पटावर जायचं, हात मिळवायचा, खेळायचं, स्कोअरशीटवर सही करायची, निघायचं. बोलायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. डावानंतर लहान मुलांना त्यांचे आईवडील घेऊन जायचे, मोठे पुरुष आपापल्या ओळखीच्या घोळक्यात जायचे. मी पीएमटी बसची वाट बघत उभी. इतक्या स्पर्धांमधून मला एकही माणूस मिळाला नाही. समोरासमोर बसल्याने ओळख होते, हे दादाचं म्हणणं मला म्हणूनच मान्य नाही.

ओळख कशाने होते, तर आपण आलो नाही तर कुणाचं तरी अडतं, याने. टीम निवडताना एवढंच बघा.

लिचेस आणि चेस डॉट कॉम या बुद्धिबळ खेळायच्या साइट. तिथे हजारो सभासदांच्या टीम दिसतील. मी त्यांना टीम म्हणतच नाही, त्या याद्या आहेत. लिचेसच्या टीम बॅटलमध्ये, म्हणजे अनेक टीम एकाच वेळी भिडतात त्या स्पर्धेत, प्रत्येक टीमच्या वरच्या ठरावीक खेळाडूंचेच गुण धरतात. तुम्ही तासभर घाम गाळून खाली राहिलात तर त्या गुणांचा टीमला काडीचा उपयोग नाही आणि तुम्ही आला होतात हेही कुणाला कळत नाही. मजा येते, नाही म्हणत नाही. पण तुम्ही माणसांबद्दल विचारलंय.

माणसं मिळतात ती संथ लीगमध्ये. पट ठरलेला, प्रतिस्पर्धी ठरलेला, आठवड्याला एक डाव, वेळ दोघांनी आपसात बोलून ठरवायची. लिचेस 4545 नावाची आंतरराष्ट्रीय लीग आहे, तिच्यात पंचेचाळीस मिनिटं आणि दर खेळीला पंचेचाळीस सेकंद वाढीव मिळतात. आमची त्याच धर्तीवरची छोटी मराठी मंडळींची लीग आहे, लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली. आमच्या टीममध्ये हडपसरचा कॅप्टन आहे, साताऱ्याची नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, जर्मनीत गेलेला जळगावचा मुलगा आहे. तो ऑफिसातून घरी पोचतो तोवर आमच्याकडे जेवणं झालेली असतात. आणि खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. काका दर रविवारी संध्याकाळी जो येईल त्याला हत्तींची अंतिमं शिकवतात, म्हणजे डावाच्या शेवटी मोजक्याच सोंगट्या उरल्यावर कसं खेळायचं ते. कुणीच आलं नाही तरी तासभर थांबतात.

एका गुरुवारची गोष्ट सांगते. गुरुवार म्हणजे आमच्याकडे देखभालीसाठी लाईट जाणार हे ठरलेलं, पण त्या दिवशी सात वाजले तरी आली नव्हती. माझा डाव साडेसातला. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉपची बॅटरी निम्मी. टीमचे बाकी डाव आधीच संपले होते, गुण साडेतीन-साडेतीन. राहिला फक्त माझा. बरोबरी झाली तरी टीम त्या सीझनला तरणार होती, हरले असते तर खालच्या गटात.

चाळिसाव्या खेळीच्या पुढे हत्ती आणि प्यादं विरुद्ध माझा एकटा हत्ती अशी स्थिती आली. प्यादं त्याचं. ज्यांनी खेळलंय त्यांना पुढचं वाचतानाच पोटात गोळा येईल. माझा राजा त्याच्या प्याद्यासमोर, बढतीच्या घरात, म्हणजे जिथे पोचलं की प्याद्याचा वजीर होतो तिथे. माझा हत्ती त्याच्या बाजूने मोजल्यास सहाव्या ओळीत आडवा, म्हणजे त्याचा राजा त्या ओळीत चढूच शकत नाही. हा फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूचा बचाव, अठराव्या शतकातला. इथे काही करायचं नसतं, हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे हलवत राहायचा. अवघड असतं ते हेच, हात काहीतरी करायला शिवशिवतो. राजाला वाट करून द्यायला त्याने शेवटी प्यादं सहाव्या ओळीत ढकललं. त्याच खेळीला माझा हत्ती सरळ पहिल्या ओळीत, आणि मग मागून शह, शह, शह. ज्या घरात राजा लपला असता ते त्याच्याच प्याद्याने अडवलेलं. त्याने बरोबरी मागितली तेव्हा बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं.

डाव चालू असताना खेळणाऱ्याला कुणी काही लिहायचं नाही हा आमचा नियम, ‘ऑल द बेस्ट’सुद्धा नाही. त्यामुळे मला वाटत होतं मी अंधारात एकटी बसलेय. संपल्यावर ग्रुप उघडला तर सगळी टीम पहिल्या खेळीपासून डाव बघत होती. साताऱ्याची मुलगी नाइट ड्युटीला जाताना बसमध्ये बघत होती. काकांचा फोन आला. ‘हत्ती वेळेवर खाली आणलास’, एवढंच बोलले आणि ठेवला. बाबांनी माझा एकही डाव कधी बघितला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी कॅप्टनला कळवलं की या आठवड्यात जमणार नाही, राखीव खेळाडू बघ. त्याने बघितला. पुढे न सांगता तो हडपसरहून डबा घेऊन हॉस्पिटलला आला. दुसऱ्या दिवशी काका आले, खिशात चुंबकाचा छोटा पट. मला म्हणाले, तू घरी जाऊन अंघोळ करून ये, आणि आईसमोर सोंगट्या मांडायला लागले. तोवर आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. मी परत आले तेव्हा आई त्यांना किल्लेकोट (कॅसलिंग) उशिरा केल्याबद्दल रागावत होती.

दादा त्या आठवड्यात कंपनीच्या कामाने बंगळूरला होता. त्याचा दोष काढत नाहीये, त्याला निघता येण्यासारखं नव्हतं. पण परत आल्यावर ‘हे कोण काका?’ असं त्याने विचारलं आणि टीमचे म्हटल्यावर तो हसला. ते हसणं माझ्या मनातून जात नाही.

2020 ची ऑनलाइन ऑलिंपियाड, म्हणजे देशांच्या टीमची बुद्धिबळ स्पर्धा, तीही तो अशीच उडवून लावतो. अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं कनेक्शन तुटलं, दोघं वेळ संपून हरले, आणि फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) शेवटी भारत-रशिया दोघांनाही सुवर्ण दिलं. दादा म्हणतो, ज्यात वायर तुटली की डाव जातो ते कसलं बुद्धिबळ. मला त्या स्पर्धेतलं आठवतं ते वेगळंच. सहा पट होते: दोन पुरुष, दोन महिला, एक ज्युनियर मुलगा, एक ज्युनियर मुलगी. नाशिकचा विदित गुजराथी कॅप्टन होता, आणि त्या रचनेत कोणत्याच कॅप्टनला मुलीला घरी ठेवून जायची सोय नव्हती. दिव्याने 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा दादाने घरच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. त्याखाली मी हेच मुलीला घरी ठेवण्याचं लिहिलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. छोटी टीम शोधा. कॅप्टनला थेट विचारा, ‘मी एखाद्या आठवड्याला आलो नाही तर काय होतं?’ ‘काही नाही, चालतं’ असं उत्तर आलं तर ती टीम सोडा. रेटिंगची काळजी करू नका, खालच्या पटाचा एक गुणही एकच असतो. लिचेस पूर्ण फुकट आहे, जाहिरातीही नाहीत, सुरुवात तिथे करा. ऑफिसच्या वेळांमुळे ठरावीक वेळ जमत नसेल तर चेस डॉट कॉमच्या क्लबांचे डेली सामने आहेत. त्यात एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन डाव असतात, एक पांढऱ्याने, एक काळ्याने, आणि एका खेळीला दिवसाच्या हिशेबाने वेळ मिळतो. त्यातही गप्पा होतात, पण टीमपेक्षा प्रतिस्पर्ध्याशी जास्त.

इंजिन, म्हणजे खेळी सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, चोरून लावून खेळणारे टीममध्येही निघतात. आमच्याकडे एक निघाला होता, साइटने खातं बंद केलं, आणि महिनाभर टीमचा एकमेकांवरचा विश्वास डळमळला होता. घरातलं लहान मूल खेळणार असेल तर चॅटवर लक्ष ठेवा. बायकांनी खात्याला स्वतःचं नाव देऊ नये असं मी सांगेन, निदान माणसं कळेपर्यंत. रात्री बुलेट, म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांचे डाव, खेळत बसणं म्हणजे टीम नव्हे, त्याने फक्त झोप जाते. आणि पटावरचं बुद्धिबळ सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. आमची टीम आता वर्षातून एकदा खडकीला काकांच्या गच्चीवर जमते, लाकडी पट आणि घड्याळं घेऊन. जर्मनीवाला सुट्टीवर आला की तारीख त्याच्या सोयीने धरतो.