गोदाम बंदराजवळ असावे की ग्राहकाजवळ?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात चपला तयार करून स्वतःच्या संकेतस्थळावरून युरोपात विकतो. निम्म्याहून अधिक ग्राहक जर्मनीत आहेत, थोडे नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये. पार्सल पोहोचायला फार दिवस लागतात, दारात कराची रक्कम मागितली गेल्याने काही ग्राहक ते नाकारतात आणि माप चुकले तर जोड परत मागवणे परवडत नाही. रॉटरडॅम बंदराजवळ गोदाम घ्यावे, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. तो योग्य आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दारात मागितल्या जाणाऱ्या कराची अडचण गोदामाशिवायही दूर होऊ शकते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी रद्द केली आणि त्याच दिवसापासून १५० युरोंपर्यंतच्या पार्सलांसाठी ‘आयओएसएस’ (इम्पोर्ट वन-स्टॉप शॉप) ही व्हॅट भरण्याची नोंदणी सुरू केली. युरोपातील मध्यस्थामार्फत ती घेतल्यास व्हॅट खरेदीच्या वेळीच वसूल होतो आणि दारात पैशांचा विषय निघत नाही. मात्र अशा लहान पार्सलांची सीमाशुल्कमाफी संपवून १ जुलै २०२६ पासून त्यांतील प्रत्येक प्रकारच्या मालामागे ३ युरो आकारण्याचे संघाने डिसेंबर २०२५ मध्ये ठरवले आहे, हेही हिशेबात धरावे.

परतीचा प्रश्न या नोंदणीने सुटत नाही, आणि पादत्राणांच्या व्यवसायात माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता १४ दिवसांच्या आत परत करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. जर्मनीतून कोल्हापूरला निघालेला जोड व्यापाराच्या दृष्टीने गेल्यातच जमा असतो. तोच जोड युरोपातील गोदामात परतला, तर तपासून, पुसून, नव्या वेष्टनात त्याच आठवड्यात दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. लवकर पोच हा गोदामाचा फायदा आहेच, पण आपल्याला गोदाम हवे आहे ते मुख्यतः यासाठी.

आता जागेविषयी. रॉटरडॅमला माल उतरतो, पण आपला ग्राहक तेथे राहत नाही. ठोक माल एकदाच सीमाशुल्कातून सुटला की पुढचा प्रत्येक किलोमीटर सुट्या पार्सलाचा असतो आणि तो सर्वांत महाग पडतो. त्यामुळे जागा ग्राहकाच्या दारापासून मागे मोजत ठरवावी. त्या दृष्टीने जर्मन सीमेला लागून असलेले नेदरलँड्समधील व्हेन्लो अधिक सोयीचे वाटते. रॉटरडॅमहून तेथे रेल्वेने, नदीतील बार्जने किंवा ट्रकने माल येतो आणि डुइसबुर्ग, ड्यूसेलडोर्फ ही दाट वस्तीची शहरे तेथून जवळ आहेत. संध्याकाळी पार्सले सीमेपलीकडच्या जर्मन वर्गीकरण केंद्रात पोहोचवली, तर पुढचा प्रवास देशांतर्गत पार्सलासारखाच होतो.

मग सरळ जर्मनीतच गोदाम का नको, असे आपण विचाराल. डच व्हॅट कायद्याच्या कलम २३ चा परवाना असल्यास आयातीवरचा व्हॅट सीमेवर रोख भरावा लागत नाही, तो पुढे विवरणपत्रात दाखवता येतो. लहान उत्पादकाचे भांडवल अडकून पडत नाही, ही सवलत मला फार मोलाची वाटते. मात्र परदेशी विक्रेत्याला त्यासाठी तेथील कर-प्रतिनिधी नेमावा लागतो आणि त्याचे शुल्क व हमीची रक्कम आधीच विचारून घ्यावी. जर्मन ग्राहकाला तेथून विकलेल्या मालावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट लागू होतो.

ब्रिटनचे ग्राहक या साठ्यातून सांभाळू नयेत. १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्यामध्ये पुन्हा सीमाशुल्काची भिंत उभी आहे; त्यांना कोल्हापूरहूनच थेट पाठवणे बरे.

गोदाम भाडेपट्ट्याने घेण्याची घाई मात्र करू नका. गेल्या सहा महिन्यांच्या मागण्या पिनकोडनुसार आणि मापानुसार मांडा, ज्या मापांना सतत मागणी आहे तेवढीच पाठवा आणि जागेचे व प्रत्येक पार्सलाचे वेगळे पैसे घेणाऱ्या तिथल्या सेवादाराकडे माल ठेवा. समुद्रमार्गे पाठवताना एक काळजी घ्यावी : २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाजांनी केप ऑफ गुड होपचा लांबचा वळसा धरला. इतक्या दिवसांच्या प्रवासात कंटेनरमधील दमटपणाने चामड्याला बुरशी धरते, म्हणून जोड पूर्ण वाळवून, प्रत्येक खोक्यात ओल शोषणारी पुडी घालूनच माल बंद करावा.